चिकटे मास्टर

नागपूरच्या लकडगंजात सकाळचा पहिला सूर आरामशीनचा लागतो. पातं मोकळं फिरत असेल तोवर सूर वरचा. सागाचा ओंडका पुढे सरकला, पात्यावर भार आला की तो धपकन खाली येतो आणि ओंडका चिरून झाला की पुन्हा वर चढतो. आम्ही गल्लीतले लोक जन्मापासून हे ऐकत आलो, त्यामुळे आता आम्हाला ते ऐकूच येत नाही. एकच माणूस चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबतो आणि म्हणतो, "पाहा ना भाऊ, काळी दोनवरून पांढरी एकवर आलं. लाकूड ओलं दिसून राहिलं."

हे आमचे चिकटे मास्टर. आडनाव दुसरंच आहे. दिवसा ते एका प्लायवूडच्या दुकानात हिशेब लिहितात आणि रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. 'चिकटे' ही पदवी त्यांना त्यांच्याच ढोलकीवाल्याने बहाल केली. असा एक मास्टर प्रत्येक ऑर्केस्ट्रात असतोच. नागपुरात आहे, अमरावतीत आहे, आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातही कीबोर्डमागे वाकून काहीतरी दाबून धरलेला एक गृहस्थ नक्की असणार.

मास्टरांचा कीबोर्ड पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात कीबोर्ड सापडायला वेळ लागतो. डाव्या हाताला वाकड्या मानेचा दिवा. त्याच्या बाजूला मोबाइल, ज्यात तानपुरा आणि गाण्यांची वही दोन्ही. उजव्या कोपऱ्यात हाताच्या पंज्याएवढा मिक्सर, त्याला लागून पेन ड्राइव्हची डबी, मागच्या कडेला बोटभर पंखा, आणि या सगळ्यांच्या मधोमध, भर वस्तीत राहिलेल्या मोकळ्या प्लॉटसारख्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. पण कीबोर्ड उचलून उलटा केला तरी यातली एकही वस्तू खाली पडत नाही. मास्टर तो उलटा करून दाखवतातही. लग्नाच्या कार्यक्रमात नवरदेवाच्या मामाला हा प्रयोग करून दाखवताना मी त्यांना पाहिलं आहे. मामांचं मत पडलं की यापेक्षा दोन गाणी जास्त वाजवली असती तर बरं झालं असतं.

खरं सांगायचं तर दोष मास्टरांचा नाही, कीबोर्डच्या आकाराचा आहे. पेटी बघा. वरून सपाट, पाटासारखी. तिच्यावर वही ठेवा, चष्मा ठेवा, पानाचा डबा ठेवा, चहाची कपबशी ठेवा. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकात हाताच्या भात्याची पेटी आपल्या बैठकीत आणली, तेव्हा वाद्याबरोबर एक छोटं टेबलही दिलं, असं मास्टरांचं म्हणणं आहे. आकाशवाणीने १९४० पासून पुढे तीस वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं, तेव्हा कलावंतांची सर्वांत मोठी अडचण चष्मा कुठे ठेवायचा ही झाली असणार, हेही त्यांचंच संशोधन. आजचा कीबोर्ड मात्र वाजवणाऱ्याकडे उतरता, कडा गोलसर, जिथे सपाट जागा दिसेल तिथे बटण नाहीतर स्पीकरची जाळी. "बनवणाऱ्याले वाटते, मास्टर हवेत वाजवते. त्याले चष्मा नाही, मोबाइल नाही, बायको नाही."

मग चिकटवण्याचा प्रश्न येतो, आणि तोही लकडगंजात. इथे प्रत्येक दुसरा माणूस चिकटवण्याच्या धंद्यातला. सनमायकावाले, प्लायवाले, सुतार. जुन्या सुतारांनी सरस उकळून फर्निचर जोडलं, १९५९ मध्ये फेविकॉल आला आणि ती दुर्गंधी गेली, हा इतिहास इथली पोरं शाळेआधी शिकतात. त्यामुळे मास्टरांना सल्ल्यांची कमतरता कधी पडली नाही. शेजारच्या मिस्त्रींनी एकदा पांढरा डबा घेऊन येत सांगितलं, "लावून टाक ना बे मास्टर, सात जन्म निघत नाही." मास्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं की फेविकॉलमधलं पाणी लाकूड पितं, म्हणून तो धरतो. प्लास्टिक काहीच पीत नाही.

"आमच्यात ढोलकीवाला पिते," मास्टर म्हणाले. "त्याले लावा."

एम-सील लावून झालं. ते धरलं, पण काढताना कीबोर्डवरची अक्षरंही सोबत घेऊन गेलं, तेव्हापासून मास्टर एक बटण नाव नसताना दाबतात. स्क्रूचा सल्ला देणाऱ्याशी तर त्यांनी चार महिने बोलणं टाकलं होतं. वरच्या पत्र्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकखाली लगेच सर्किट असतं. अर्धा इंच स्क्रू म्हणजे थेट काळजात.

शेवटी मास्टरांना गुरू सापडला तो स्वित्झर्लंडचा. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा इंजिनिअर १९४१ मध्ये शिकारीहून परत आला, तर कुत्र्याच्या केसांना आणि स्वतःच्या विजारीला काटेरी बोंडं चिकटलेली. आपल्याकडे शेतातून आलं की धोतराला गोखरू चिकटतं, तसंच. आपण शिव्या देत ती उपटून फेकतो. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. टोकाला बारीक आकडे दिसले. १९५५ मध्ये पेटंट, आणि मखमल व आकडा या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांची संधी करून नाव पडलं वेल्क्रो. मास्टर हे सांगताना थोडे हळवे होतात. "आपल्या इकडे गोखरू काय कमी होतं, बाप्पा? फक्त कुत्र्याकडे कोणी पाह्यलं नाही."

इतवारीत अस्तर-बटणांच्या दुकानांत वेल्क्रो मीटरवर मिळतं. मास्टर मात्र शालू निवडावा तसं निवडतात. दुकानदाराच्या समोर दोन पदर एकमेकांवर दाबतात, डोळे मिटून ओढतात आणि त्या 'चर्र' आवाजावरून प्रत ठरवतात. त्यांचा मुख्य नियम असा की केसाळ बाजू वाद्याला आणि काटेरी बाजू सामानाला. नवख्याने उलटं केलं की कीबोर्डभर आकडे उभे राहतात आणि जे जवळून जाईल ते धरून ठेवतात. एका कार्यक्रमात गायिकेची जॉर्जेटची ओढणी अशीच अडकली. बाई निरोप घेऊन विंगेत चालल्या आणि कीबोर्ड त्यांच्यामागे निघाला. प्रेक्षकांना ते द्वंद्वगीताचं नृत्य वाटलं.

दुसरा नियम, चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसायची. हात तेलकट, तर्री-पोहे खाऊन आलेला, आणि म्हणे पट्टी निघाली! तिसरा नियम उन्हाळ्याचा. वेल्क्रोचे आकडे उन्हाला भीत नाहीत, त्याच्या पाठीचा गोंद भितो. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी बंद गाडीत ठेवलेल्या कीबोर्डवरचा मिक्सर आपल्या जागेवरून दोन इंच खाली सरकून आला होता, पट्टीसकट, गोंदाची रेघ मागे ठेवत. मास्टर ती तारीख घरातल्या कुणाच्या पुण्यतिथीसारखी लक्षात ठेवतात.

पायाखालचं प्रकरण याहून गंभीर. सस्टेन पेडल दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळतो; पण पेडल स्वतः एका जागी रेंगाळत नाही. स्टेजवर अंथरलेल्या सतरंजीवर ते दर दाबाला बोटभर पुढे सरकतं. मुखड्याला पायाशी, अंतऱ्याला वीतभर दूर, तिसऱ्या गाण्याला तबलजीच्या मांडीखाली. सतरंजीपुरा लकडगंजच्या इतका शेजारी असून सतरंजीने असा दगा द्यावा, याचं मास्टरांना वाईट वाटतं. त्यांनी दुकानातून बारा एमएम प्लायचा तुकडा आणला, पुढे पेडल बसवलं आणि मागे टाचेला जागा सोडली. आता मास्टरांच्याच वजनाने फळी दबून राहते, पेडल जाणार कुठे? खालून सतरंजीसाठी काटेरी पट्टी, फरशीसाठी सायकलच्या ट्यूबचे तुकडे. या शोधावर ते इतके खूश झाले की पाय पेडलवरून उचलायचे विसरले. काही कीबोर्ड सुरू करताना पेडल दाबलेलं असेल तर त्यालाच मोकळी स्थिती समजतात. त्या संध्याकाळी पाय ठेवला की सूर तुटायचा आणि उचलला की तीन-तीन गाण्यांचे सूर एकमेकांच्या गळ्यात पडायचे. संयोजकांना वाटलं फ्यूजन आहे. त्यांनी पुढच्या वर्षीची तारीख तिथेच दिली.

चिकटवलेली वस्तू निघत नाही, याचा एक तोटा मास्टरांना झाडीपट्टीत कळला. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, ते उजाडेपर्यंत. वादकांचा एखादा गडी आजारी पडला की लकडगंजात फोन येतो. याच झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मास्टरांनी गल्लीत पेढे वाटले, जणू अर्धी त्यांच्याच वेल्क्रोला मिळाली होती.

तर गडचिरोलीकडच्या एका गावात, रात्री तीनच्या सुमाराला, नायिकेचा बाप मरत होता. धानाच्या बांधीत हजारभर माणसं कांबळी लपेटून बसलेली. मास्टरांनी मागे करुण व्हायोलिन धरलेलं. बापाने शेवटचा हुंदका दिला, मान टाकली, आणि मोबाइल वाजला. तानपुऱ्यासाठी तो मिक्सरला जोडलेला, त्यामुळे वाजला तो चारही भोंग्यांतून. मास्टरांची रिंगटोन गणपतीची आरती. त्यांनी मोबाइल उपटायचा प्रयत्न केला. तो चारही कोपऱ्यांनी कीबोर्डशी एकनिष्ठ. बटण दाबायचं सुचेपर्यंत पुढच्या दोन रांगा टोप्या सावरत उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामागे सगळं गाव. नायिकेने हात जोडले. मेलेल्या बापाने थोडा वेळ विचार केला, मग तोही उठून बसला.

फोन घरून होता. दाराची कडी आतून लागत नव्हती, ती कशाने चिकटवू, असं वहिनी विचारत होत्या.

या माणसाच्या हाताखालून गेलेला कीबोर्ड पुढे विकत कोण घेणार? मास्टर विकण्याआधी पट्ट्या काढतात, तेही शास्त्राप्रमाणे. आधी केस वाळवायच्या यंत्राने गोंद मऊ करायचा, मग शिलाईचा दुहेरी दोरा पट्टीखालून करवतीसारखा ओढत न्यायचा, उरलेला चिकटा खोबरेल तेलाने पुसायचा. थिनरला हात लावायचा नाही, प्लास्टिक रडतं. एवढं करूनही पट्टीखालचा काळा रंग नवा आणि बाजूचा उन्हाने विटलेला, त्यामुळे सगळ्या वस्तूंच्या सावल्या तिथेच राहतात. मागच्या गिऱ्हाईकाने त्या सावल्यांवर बोट फिरवत विचारलं, इथं काय होतं? मास्टरांनी एकेक जागा दाखवली. दिवा इथे, मोबाइल इथे, पंखा तिथे. गिऱ्हाईक पोरगा तरुण होता. त्याने दोन हजार कमी केले आणि जाताना, पट्ट्या कुठे मिळतात, ते विचारून गेला.

परवा रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात कार्यक्रम होता. मी विंगेत उभा. पडदा उघडायला पाच मिनिटं. मास्टर कीबोर्डच्या स्टँडखाली उताणे पडून अडॅप्टरची तार स्टँडच्या पायाला बांधत होते, कुणाचा पाय अडकला तर ओढ स्टँडवर यावी, पिनेवर नको. एक नवी गायिका, बहुधा पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या स्टेजवर, घाबरत जवळ आली. घसा साफ करून तिने खाली वाकून विचारलं, "मास्टर, माझ्या गाण्याला पट्टी कोणती धरायची?"

स्टँडखालून आवाज आला, "दीड इंची. केसाळ."