इच्छुक

निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवरचा पांढऱ्या शर्टातला माणूस हात जोडून सांगत असतो की त्याला स्वतःला काहीच नको होतं, पण कार्यकर्त्यांचा आग्रह मोडवेना. आमच्या इच्छुकाची अडचण इथूनच सुरू होते. त्याला ज्या पदाचे डोहाळे लागले आहेत, तिथे आग्रह करायला कार्यकर्ते नाहीत; आणि असते, तरी नियमांत आग्रहाची सोय नाही.

हे पद म्हणजे डेबियन प्रकल्पाचं नेतेपद. संगणक चालवणारी डेबियन नावाची एक प्रणाली आहे. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी, पुढे वाटावी. उबुंटू याच झाडाची फांदी. इयन मरडॉक नावाच्या अमेरिकेतल्या विशीच्या विद्यार्थ्यानं १६ ऑगस्ट १९९३ रोजी हा उद्योग जाहीर केला, आणि आज जगभरातले हजारेक सभासद बिनपगारी राबून तो चालवतात. दरवर्षी हे सभासद आपल्यातला एक नेता निवडतात. त्याला मानधन नाही, गाडी नाही, केबिन नाही.

"मग आहे काय त्यात?" इच्छुकाच्या आईनं विचारलं.

"मान आहे, आई."

"मानाला पैसे पडत नाहीत, म्हणून देत असतील."

इच्छुक जगात कुठेही सापडतो. माझ्या पाहण्यातला सिंहगड रोडला राहतो आणि हिंजवडीला नोकरी करतो. म्हणजे दिवसाचे दोन प्रहर रस्त्यावर जातात, एक मीटिंगमध्ये, आणि उरलेला डेबियनला. रात्री अकराला घरातले दिवे मालवले की त्याचा लॅपटॉप उजळतो. लॅपटॉपवर इतके स्टिकर आहेत की तो कुठल्या कंपनीचा हे आता त्याच्या दुरुस्तीवाल्यालाही सांगता येत नाही. कपाटात इस्त्रीचे शर्ट चार, आणि छातीवर डेबियनचा लाल भोवरा असलेले परिषदांचे टी-शर्ट अख्खा खण भरून. मेहुणीच्या साखरपुड्याला त्यानं त्यातला 'जरा बरा' घातला होता.

नवऱ्याचं हे दुसरं घर बायकोनं समजुतीनं घेतलं आहे. पण प्रकल्पाच्या नावाची गोष्ट इच्छुकानं तिला सांगायला नको होती. मरडॉकनं आपल्या प्रेयसीच्या 'डेब्रा' या नावाला आपलं 'इयन' जोडलं आणि 'डेबियन' झालं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यानं निदान तिचं नाव कुठेतरी दिलं. तू माझं नाव फक्त गॅस सिलिंडरच्या बुकिंगला दिलंयस."

मुलाशी मात्र त्याचं जमतं. एके काळी या प्रकल्पाचा नेता असलेला ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होता. तेव्हापासून डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची नावं देतात. बझ झाली, वूडी झाली, जेसी झाली. जी आवृत्ती कधीच पक्की होत नाही, जिच्यात रोज काहीतरी बदलतं आणि मोडतं, तिचं नाव सिड. सिनेमात खेळण्यांची मोडतोड करणाऱ्या कार्ट्याचं. इच्छुक स्वतः सिडच वापरतो. वर्षाअखेर ऑफिसचं सादरीकरण ऐन वेळी उघडलं नाही, तेव्हा मुलानं सांगितलं होतं, "बाबा, तो सिड आहे. तो असंच करणार."

सभासद होणंही सोपं नसतं. आधी काम दाखवायचं. मग तत्त्वज्ञानाची आणि कार्यपद्धतीची प्रश्नोत्तरं द्यायची. शिवाय आपण खरोखर आपणच आहोत, हे आधीच्या सभासदांकडून प्रत्यक्ष भेटून पटवून घ्यायचं. परिषदेच्या मधल्या सुट्टीत दोन प्रौढ पुरुष एकमेकांचा पासपोर्ट हातात घेऊन उभे असतात. एकदा फोटोकडे बघतात, एकदा चेहऱ्याकडे, आणि मग एकमेकांच्या डिजिटल किल्लीचा चाळीस अंकाक्षरांचा ठसा मोठ्यानं वाचून ताडून पाहतात. इच्छुकाच्या फोटोत केस होते. समोरच्या जर्मन गृहस्थानं बराच वेळ घेतला.

पुढे तो एका पॅकेजचा सांभाळकर्ता झाला. डेबियनमध्ये अशी साठ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. त्याचं त्यातलं एक. कोणतं पॅकेज किती यंत्रांवर आहे हे स्वखुशीनं कळवणारी 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाची सोय आहे. इच्छुक त्यात दर आठवड्याला आपला आकडा बघतो. आकडा लहान आहे, आणि त्यातली दोन यंत्रं त्याच्याच घरात आहेत. पण काम त्यानं मनापासून केलं. कुणीतरी ब्राझीलमधून चूक कळवली की रात्री दोनला उठून ती दुरुस्त करायची, नवशिक्याचा तोच तो प्रश्न न वैतागता सोडवायचा, इन्स्टॉलरच्या मराठी भाषांतरातल्या वेलांट्या तपासायच्या. सुरुवातीच्या काळात तो कुणालाही आवडावा असा माणूस होता.

मग लक्षणं दिसू लागली. पहिलं लक्षण म्हणजे तो 'मी'ऐवजी 'आपण' म्हणू लागला. दुसरं, चूक दुरुस्त करण्याऐवजी चुका कशा दुरुस्त व्हाव्यात यावर बोलू लागला. तिसरं, प्रत्येक चर्चेत सगळे बोलून दमले की हा येऊन म्हणणार, "दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे." डेबियनमधले वाद काही साधे नसतात. यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी कोणता प्रोग्रॅम चालावा, यावर २०१४ साली तिथे असं रण पेटलं की चांगली चांगली माणसं प्रकल्पातली पदं सोडून गेली. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंत तथ्य शोधणारा माणूस एक तर संत असतो, नाहीतर उमेदवार.

आता तो ज्यासाठी झुरतो त्या पदाचे अधिकार पाहा. डेबियनला १९९८ साली मंजूर झालेली लेखी घटना आहे, आणि तिनं पहिल्याच झटक्यात सांगून टाकलं आहे की प्रकल्पाचं काम करण्याची सक्ती कुणावरही नाही. म्हणजे नेत्यानं "हे करा" म्हटलं, तर समोरचा "तुम्हीच करा" म्हणू शकतो, आणि ते घटनेला धरून असतं. नेता एखाद्या कामासाठी प्रतिनिधी नेमू शकतो, पण प्रतिनिधीनं एकदा घेतलेला निर्णय त्याला फिरवता येत नाही. निर्णय घेताना त्यानं स्वतःचं मत फार पुढे दामटू नये, सर्वांच्या कलानं घ्यावं, असंही लिहून ठेवलं आहे. खर्चाला मंजुरी देता येते खरी. पण पैसा प्रकल्पाच्या तिजोरीत नसतोच, कारण तिजोरी नाही. तो अमेरिकेतल्या 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट'सारख्या विश्वासाच्या संस्था सांभाळतात.

इच्छुकानं हे सगळं बायकोला भक्तिभावानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे सगळं तुला या घरात मिळालेलंच आहे. उभं कशाला राहायचं?"

तरी त्याची इच्छा मरत नाही, आणि इथे मला त्याचं कौतुक वाटतं. ज्या खुर्चीवरून हुकूम सुटत नाही तिची हाव धरायला वेगळीच जातकुळी लागते. खुर्चीच्या लोभानं आलेला माणूस घटनेच्या तिसऱ्या पानावर परत फिरेल. हा मात्र तिथे खूण करून ठेवतो.

मतदानाच्या पद्धतीचा त्यानं अभ्यास केला आहे. इथे एका नावावर शिक्का मारायचा नसतो; पसंतीचे क्रम लावायचे असतात. मग प्रत्येक उमेदवाराची दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्र कुस्ती लावतात, आणि सगळ्यांना चीत करतो तो जिंकतो. अठराव्या शतकातल्या काँदोर्से नावाच्या फ्रेंच विद्वानाचं हे डोकं. बिचारा राज्यक्रांतीत पकडला जाऊन १७९४ साली तुरुंगात वारला, पण त्याची पद्धत डेबियनमध्ये सुखात आहे. या पद्धतीतलं मर्म इच्छुकाला लगेच उमगलं. फारशा लोकांची पहिली पसंती नसताना, केवळ सर्वांची दुसरी पसंती होऊनही माणूस जिंकू शकतो! तेव्हापासून त्यानं कुणाशीही वाद घालणं सोडलं. शाळेपासून तो सर्वांची दुसरी पसंतीच होता. त्याचं भांडवल होऊ शकतं हे त्याला चाळिशीत कळलं.

भीती त्याला एकाच प्रतिस्पर्ध्याची आहे. मतपत्रिकेवर 'यांपैकी कुणीही नको' हाही पर्याय असतो. आपल्याकडे २०१३पासून नोटा आहे. पण लोकसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार गुलाल उधळून मोकळा. डेबियनमध्ये 'कुणीही नको' जिंकलं तर निवडणूकच पुन्हा होते, आणि गरज पडल्यास पुन्हा पुन्हा. माणसाकडून हरण्याचं दुःख नाही, पण रिकाम्या जागेनं हरवलं तर नातेवाइकांना काय सांगायचं, हा विचार त्याला झोपू देत नाही.

मात्र खरा घोळ आहे तो अर्ज भरण्याचा. कुणी कुणाचं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग नाही-नाही म्हणत सत्कारमूर्तीनं उठायचं, हा आपला शिरस्ता. डेबियनच्या घटनेत असं काही नाही. सभासदानं स्वतःच स्वतःला उभं करायचं, तेही आपल्या डिजिटल सहीनिशी. म्हणजे उद्या 'ती अफवा होती' म्हणायची वाट बंद. 'मला नेता व्हायचं आहे' हे वाक्य पुण्यातल्या मध्यमवर्गीय मराठी तोंडातून निघणं किती अवघड असतं! त्याला दुसऱ्यांदा श्रीखंड हवं असलं तरी तो कुणीतरी वाढायची वाट बघतो.

२०१९ साली तर कमाल झाली. अर्जांची मुदत संपली आणि उमेदवार निघाले शून्य. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदासाठी नाव विचारताच सगळे चपला शोधू लागतात, तसं जगभर झालं. घटनेत त्याचीही तरतूद होतीच: मुदत आठवडाभर वाढवायची. इच्छुक त्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपला. हजार माणसांपैकी एखाद्याला तरी आपल्याला गळ घालावीशी वाटेल, अशी त्याची आशा. वाढीव मुदतीत इतरांनी आपली आपण नावं दिली, आणि सॅम हार्टमन निवडून आले. इच्छुक आजही सांगतो, "त्या वर्षी मी नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं." हात खिशात का होता, ते सांगत नाही.

नंतर दक्षिण आफ्रिकेचे जोनाथन कार्टर लागोपाठ चार वर्षं नेते राहिले. त्या काळात इच्छुक मित्रांना म्हणायचा, "भारतातून कुणीतरी उभं राहायला हवं." केरळच्या श्रुती चंद्रन २०२० साली उभ्या राहिल्या, २०२१ साली राहिल्या आणि २०२४ साली पुन्हा राहिल्या. इच्छुकाला ते माहीत होतं. त्याच्या मनातला 'कुणीतरी' वेगळा होता. २०२४ साली त्यांच्यासमोर जर्मनीचे आंद्रेयास टिले होते, ते जिंकले. "तू का नाही राहिलास?" असं मी विचारल्यावर त्यानं उदार चेहरा केला. "दोघंही चांगली माणसं. उगाच मतं कशाला फोडायची?" मी म्हटलं, "अरे, पण तूच सांगितलंस ना, या पद्धतीत सारख्या विचारांचे उमेदवार वाढले तरी मतं फुटत नाहीत?" त्यानं चहा मागवला.

शेवटी एका वसंतात त्यानं गुडघ्याला बाशिंग बांधलंच. जाहीरनामा लिहिला. त्यात संवाद होता, नव्यांचं स्वागत होतं, थकलेल्यांना विश्रांती होती, आणि दोन्ही बाजूंत तथ्य होतं. मुदतीच्या शेवटच्या रात्री सही ठोकून अर्ज पाठवला. अर्ज फिरला. त्याच्या डिजिटल किल्लीची मुदत आदल्याच महिन्यात संपली होती. नवी मुदत प्रकल्पाच्या नोंदीत चढायची तर साधारण महिन्याचा फेरा. किल्ल्यांच्या मुदतीबद्दल दरवर्षी सगळ्यांना आठवण करून देणारा सभासद म्हणजे आमचा इच्छुकच.

मी सांत्वनाला गेलो, तर गडी इतका खुशीत मी कधी पाहिला नव्हता. अर्ज छाननीत बाद झाला! मराठी राजकारणात याहून अब्रूदार पराभव नाही. उभंही राहिलो, हरलोही नाही, 'कुणीही नको'नं पाडलंही नाही. आता चारचौघांत "मी त्या वर्षी उभा होतो" म्हणायला तो मोकळा झाला. डोक्यावरचं ओझं उतरल्यानं त्या आठवड्यात त्यानं आपल्या पॅकेजमधली कित्येक दिवस लोंबकळत पडलेली चूक एका बैठकीत काढली, दोन नवशिक्यांना हाताला धरून पहिलं काम करायला लावलं, आणि कुणाच्याही म्हणण्यात तथ्य शोधलं नाही.

त्यावर ब्राझीलच्या त्या जुन्या तक्रारदारानं आभार मानले आणि शेवटी लिहिलं: पुढच्या वर्षी नेतेपदासाठी तुम्ही उभं राहावं असा माझा आग्रह आहे.

इच्छुकानं ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं, आणि उत्तर लिहिलं, "बघतो. आधी घरी विचारावं लागेल."

मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं बायकोला विचारलं. पोळी उलटता उलटता ती म्हणाली, "आधी किल्लीची मुदत बघ."