पाण्याखालचा कानसेन

हायड्रोफोन म्हणजे काय, असं मला कुणी विचारत नाही. हे माझं जुनं दुःख आहे. लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सवाईच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत मी बोलणं हळूहळू त्या दिशेला नेतो. ‘परवा दिवसभर पाण्याखालचं ऐकत होतो’ असं सहज सोडून देतो. समोरचा म्हणतो, ‘नशीबवान आहात. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद.’ आणि विषय टँकरवर जातो.

तेव्हा न विचारताच सांगतो. हायड्रोफोन म्हणजे पाण्यात सोडायचा माइक. आत पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकचा तुकडा असतो. पाण्यातून येणाऱ्या आवाजाचा दाब त्याच्यावर पडला की तो एवढीशी वीज तयार करतो. भोवती रबराचं नाहीतर पॉलियुरेथेनचं कवच, मागे लांबलचक केबल आणि केबलच्या कोरड्या टोकाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला मी. डोळे मिटायची तांत्रिक गरज नसते, पण बघणाऱ्यांवर परिणाम चांगला होतो.

‘पुण्यात राहून समुद्राचे आवाज?’ असं विचारणाऱ्याला पुणं कळलेलं नाही. इंडियन मेरिटाइम फाउंडेशन पुण्यात आहे. पाण्याखालच्या ध्वनीवर काम करणारं मेरिटाइम रिसर्च सेंटर पुण्यात आहे. बंदरांची मॉडेल बांधून लाटांचा अभ्यास करणारी, 1916 साली सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था खडकवासल्याला आहे. शेजारीच एनडीएचे कॅडेट धरणाच्या पाण्यात शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. जवळ समुद्र नाही ही अडचण या शहराने कधी मनावर घेतलेली नाही. मत द्यायला पाणी कशाला लागतं?

तर कोकण किनाऱ्यावरच्या एका माहितीपटासाठी मला मालवणला नेलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे होडी उभी केली, इंजिन बंद करवलं आणि हायड्रोफोन खाली सोडला. तो थेट होडीला बांधला तर होडीचा प्रत्येक हेलकावा आवाजात उतरतो, म्हणून मध्ये ताण खाणारं काहीतरी लागतं. परदेशी पुस्तकांत त्याला भारदस्त नावं आहेत. मी तुळशीबागेत मीटरवर मिळणारं इलॅस्टिक वापरतो. अख्ख्या यंत्रणेत कधीही दगा न दिलेला तेवढाच एक भाग आहे.

खाली काय ऐकू आलं? कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, चारही बाजूंनी, न थांबता. हे स्नॅपिंग श्रिंप, म्हणजे बोटाएवढ्या कोळंबीचे भाऊबंद. एक नांगी इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना टचकन आवाज होतो. आवाज नांगीचा नाही, बुडबुड्याचा, हे सिद्ध व्हायला 2000 साल उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या टिचभर प्राण्यांनी जेरीला आणलं होतं. शिवाय मासे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्यात ग्रांदे बेटाजवळ माशांचे चक्क कोरस टिपले आहेत. आपला घोळ मासा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी ठेका धरतो आणि बोलतो. 2021 साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या कोळ्यांच्या जाळ्यात दीडशेवर घोळ आले आणि एक कोटीहून अधिक रुपयांना गेले, ते त्याच पिशवीपायी. ज्याच्यावर गातो, त्याच्यासाठीच कापला जातो. गवयांनी हे लक्षात ठेवावं.

हे सगळं घेऊन मी एडिटिंग रूममध्ये गेलो. दिग्दर्शकाने दहा सेकंद ऐकलं.

‘केबल लूज आहे का?’

‘हा समुद्र आहे.’

‘मग पाणी कुठंय यात? ते गुडगुड गुडगुड?’

दोष त्याचा एकट्याचा नाही. झाक कूस्तो आणि लुई माल यांच्या ज्या चित्रपटाने जगाला समुद्राचं पोट दाखवलं, ज्याला 1956 साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्याचं नावच मुळी ‘मूक जग’ या अर्थाचं होतं. तेव्हापासून प्रेक्षकाला पाण्याखाली शांतता तरी हवी असते, नाहीतर गुडगुड. निसर्गपटांत शेपटी हलवून वळणाऱ्या माशाचा जो ‘सुळ्ळ’ ऐकू येतो, तो बहुतेक वेळा कुणीतरी स्टुडिओत हात ओला करून काढलेला असतो. माझा अरबी समुद्र कोथरूडच्या फ्लॅटमधल्या न्हाणीघरात झाला. बादली, रबरी हातमोजा, शहाळ्याची नळी. मोजा घातलेला पंजा पाण्यात हळू फिरवायचा, मग तो आवाज संगणकावर ओढून ओढून खर्जात न्यायचा. बायकोने बाहेरून विचारलं, ‘अजून किती वेळ समुद्र? मला आंघोळीला जायचंय.’ मालवणहून आणलेल्या ध्वनिमुद्रणापेक्षा बादली दिग्दर्शकाला ‘जास्त ऑथेंटिक’ वाटली.

चित्रपटात देवमाशाचाही एक भाग होता, आणि देवमासा निघाला की मला राहवत नाही. थोडं विषयांतर करतो. संपादकांनी कापलं तरी चालेल असं म्हणायची रीत आहे, पण त्यांनी कापू नये.

1977 साली नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, कधी कुठे कुणी भेटलंच तर ऐकवायला. त्यात बाख आहे, बेथोव्हन आहे, चक बेरी आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर आहेत. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, जयपूर-अत्रौली गायकी. तबकडीवर त्यांची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. मैफल भैरवीने संपते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आपण मात्र विश्वाला पहिल्याच भेटीत भैरवी ऐकवली. म्हणजे पाहुणा दारात उभा आहे आणि आपण म्हणतोय, ‘जेवूनच आला असाल.’ निवड परदेशी तज्ज्ञांनी केली म्हणतात, मला तरी त्यात पुणेरी हात दिसतो.

त्याच तबकडीवर 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या शुभेच्छांमध्ये मिसळून हंपबॅक देवमाशाचं गाणं आहे, रॉजर पेन यांनी बर्म्युडाजवळ हायड्रोफोनने टिपलेलं. या गाण्यालाही रचना असते, ठरलेल्या क्रमाने येणारे भाग असतात. दर पट्ट्यातले नर आपापलं एकच गाणं गातात, म्हणजे घराणंच. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक तर खास. जगभरचे हंपबॅक हंगाम बदलला की हजारो किलोमीटर जातात, हे जात नाहीत. दक्षिणेकडच्या हिंदी महासागरातल्या नातलगांशी यांचं गाणं जुळत नाही. ओमानच्या किनाऱ्याजवळ मोजदाद झाली तेव्हा ते शंभराच्या आत भरले. गाव सोडायचं नाही, बाहेरच्यांचं गाणं उचलायचं नाही आणि संख्या घटली तरी हेका सोडायचा नाही. सदाशिव पेठेतले माझे काका असेच होते.

तर केसरबाई, मराठी आणि हायड्रोफोन. मी ज्यांच्या जोरावर मिरवतो ती तिन्ही एकाच तबकडीवर असल्याने ती जवळजवळ माझीच आहे, असं मी मानतो. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबरला. त्याच महिन्याच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या. यान आता 2,400 कोटी किलोमीटरच्या पुढे आहे आणि अजून कुणीही ‘गुडगुड कुठंय’ म्हटलेलं नाही.

असो. समुद्राने अपमान केल्यावर मी गोड्या पाण्याकडे वळलो. खडकवासल्याला चौपाटीपासून लांब, भज्यांचा वास येणार नाही अशा बाजूला बसलो. मदतीला ध्वनिमुद्रण नुकतंच शिकून बाहेर पडलेली एक मुलगी होती. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला साधारण 1,500 मीटर पळतो. त्यामुळे दोन कानांतल्या अंतरावर आवाजाची दिशा कळत नाही आणि दोन हायड्रोफोन एकमेकांपासून बरेच लांब टांगावे लागतात. तिला मी हे तीनदा सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

पाणवनस्पतींतून उन्हात सुटणाऱ्या प्राणवायूच्या बारीक टिकटिकी आल्या. कुठल्याशा पाणकिड्याची करकर आली. मग ती म्हणाली, ‘सर, वर ती पातळ शिट्टी आहे ना, सुंदर आहे.’

‘आहे खरी,’ मी म्हणालो, आणि मानही डोलावली. मला काहीही ऐकू येत नव्हतं. घरी येऊन स्पेक्ट्रोग्राम पाहिला. 14 किलोहर्ट्झच्या आसपास एक सरळ, स्वच्छ, अखंड रेघ होती. पन्नाशीनंतर वरच्या पट्टीतलं ऐकणं असंच न कळवता निघून जातं. पंचवीस वर्षं ‘माझा कान तयार आहे’ म्हणून बिलं लावली. त्या रेघेकडे मी बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, ‘शिट्टी छान आहे, पण जरा जास्त झाली.’

तिथेच एक म्हातारबुवा येऊन बसले होते. डोक्याला टापशी, हातात काठी.

‘काय गावलं का?’

‘मासे नाही धरत, बाबा. पाण्यातलं ऐकतोय.’

‘आन् काय म्हन्तंय?’

मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवले. टापशीवरून बसेनात, मग त्यांनी टापशी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ ऐकलं. मी कौतुकाच्या तयारीत होतो.

‘हितं न्हाई,’ ते म्हणाले. ‘ह्ये पानशेतला सोडा. आमचं गाव हाय तितं खाली. मी ल्हान व्हतो. आईनं समदं उचललं, जातं तेवढं ऱ्हायलं. जड व्हतं.’

त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले आणि टापशी पुन्हा नीट बांधली. पानशेत म्हटलं की आम्हाला 12 जुलै 1961 आठवतो. धरण फुटलं आणि पुणं बुडालं, त्याच्या खुणा आम्ही पेठांतल्या भिंतींवर दाखवत असतो. आमच्या नळाला पाणी यावं म्हणून ज्यांची गावं कायमची बुडाली, त्यांच्या खुणा कुठल्या भिंतीवर दाखवायच्या? मी पानशेतला गेलो नाही. तिथे हायड्रोफोनला काय येणार हे मला ठाऊक होतं, आणि ते त्यांना ऐकवायची माझी छाती नव्हती.

राहिली मुठा. अनंत चतुर्दशीच्या रात्री लकडी पुलाच्या बाजूला घाटावरून हायड्रोफोन सोडला. अलका टॉकीजच्या चौकात ढोलांनी छातीचा पिंजरा हलत होता. पाण्याखाली जवळजवळ काही नाही! हवेतला आवाज पाण्यावर आदळून परत फिरतो, ऊर्जेचा हजारावा हिस्सा कसाबसा आत शिरतो. घाटाच्या दगडांतून आलेला ठोका तेवढा मंद वाजत होता. विसर्जनाच्या रात्री पुण्यातली सगळ्यात शांत जागा मला सापडली होती, आणि तिथे बसायची सोय नव्हती.

पुढे एका साध्या रात्री भिडे पुलाखाली गुडघाभर पाण्यात हायड्रोफोन लावला. खांबांतून उतरणारी दुचाकींची घरघर, कुठल्याशा नाल्याची अखंड धार, आणि तळातून येणारं ते... गुडगुड, गुडगुड. गाळ कुजतो, त्यातून वायू सुटतो, त्याचे बुडबुडे. किडा नाही, मासा नाही, टिकटिक नाही. मदतनीस मुलीला विचारलं, ‘वर काही?’ ती म्हणाली, ‘काही नाही सर.’ स्पेक्ट्रोग्रामही तेच म्हणाला. या वेळी माझ्या कानाचा काही संबंध नव्हता. मला फार राग आला. काठाच्या सुशोभीकरणाची चित्रं पाहिली आहेत मी. झाडं, बाकं, सायकलवरची प्रसन्न कुटुंबं. चित्रातलं पाणी निळं असतं. नदीकाठी बसून कॉफी प्यायला मिळेल याचा आनंद आहे, पण ज्या पाण्यात एक किडा करकरत नाही त्याच्या काठावर बसून आपण नक्की काय बघणार आहोत?

ती फाइल माझ्या हार्ड डिस्कवर होती. दिग्दर्शकाला ती कशी सापडली ते मला माहीत नाही, पण पहाटे त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. ‘हेच! हेच हवं होतं! इतके दिवस लपवून का ठेवलंस?’ काय आहे ते मी सांगितलं. तो म्हणाला, ‘कुणाला कळणारे?’

चित्रपटाचा खेळ एका छोट्या सभागृहात झाला. पडद्यावर अरबी समुद्राच्या निळ्या अंधारातून देवमासा संथपणे वर आला आणि त्याच्या खाली मुठा वाजली. घरघर, धार, गुडगुड. अंगावर काटा आला, हे मान्य करावं लागेल. दिवे लागल्यावर जाकीट घातलेले एक ज्येष्ठ रसिक माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, ‘तो देवमाशाखालचा हुंकार! आदिम आहे हो. सृष्टीच्या आरंभाचा. कुठे मिळाला हा? लक्षद्वीपला?’

‘त्याच्या जरा अलीकडे,’ मी म्हणालो.