कुणाचा रं तू?

ओढ्याच्या अलीकडं कराड तालुका, पलीकडं वाळवा. चोरानं उडी मारली की सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते. म्हणून ठाण्यातले साहेब आमच्या देवळात बैठक घेऊन ग्रामसुरक्षा यंत्रणा समजावून गेले. टोल फ्री नंबर लावायचा, नाव, ठिकाण आणि काय घडलं ते बोलायचं. त्याच आवाजात गावभरचे फोन एकदम वाजणार. चोरी, आग, बिबट्या, हरवलेलं पोर, कशालाही चालतं.

"लग्नाचं आवतण?" तात्यांनी विचारलं.

साहेब "नाही" म्हणाले आणि निम्म्या बैठकीचा उत्साह मावळला.

पहिला फोन रात्री दोनला वाजला. घरामागं कुणीतरी आहे, एवढंच कुजबुजत्या आवाजात. घटकाभरात गाव गोळा. काठ्या, बॅटऱ्या, एकाच्या हातात तर नुसती उशी. पोलिसांची गाडीही आली. कडब्याच्या गंजीआड उजेड टाकला, तर दावं तोडून आलेली म्हैस शांतपणे रवंथ करत बसलेली.

"मुद्देमाल किती गेला?" हवालदारांनी विचारलं.

"अर्धी गंजी."

म्हैस तात्यांची. तात्या सगळ्यात मागं, बॅटरी विझवून उभे.

त्यानंतर पोरांची गस्त लागली. चोऱ्या थांबल्या म्हणतात. शेकोटीवर भाजलेली कणसं कुणाच्या रानातली, हा तपास मात्र पोलीस पाटलांनी अजून हाती घेतलेला नाही. तसं गावानं पोलिसांना हात देणं आमच्याकडं जुनंच. १९६७ चा ग्राम पोलीस कायदा पाटलांच्या पाठीशी आहे. २००७ मध्ये तर ओढ्यापलीकडच्या सांगलीच्याच आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम काढली. समितीचा अध्यक्ष कोण, यावरून आमच्यात जो तंटा झाला तो मोहिमेच्या कागदात बसेना.

पण रात्री काठ्या घेऊन जमलेल्या गर्दीची मला जरा धास्तीच वाटते. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी बेदम मारलं. ते पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी रस्ता विचारला होता.

त्यापेक्षा आमच्या आक्का बऱ्या. ओट्यावर लसूण सोलत बसतात आणि अनोळखी माणसाला हात न लावता जेरीस आणतात. परवा साध्या कपड्यातला एक पोलीस गल्लीत शिरला.

"कुणाचा रं तू?"

"पोलीस हाय, आक्का."

"त्ये झालं. पर कुणाचा?"

आडनाव, गाव, आजोळ, पगार, सगळं निघालं. पोरगा आक्कांच्या माहेरचा, त्यातून बिनलग्नाचा. ज्या कामाला आला होता ते विसरून तो चहा पिऊन, हातात पत्रिका जुळवायचा निरोप घेऊन गेला. आता आमच्या गल्लीचा बंदोबस्त त्याला नकोय म्हणे.