आजींच्या नातवानं चर्च सोडलं!

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी, मोठ्यानं बोलायला नको. समोरच्या जर्मन आजींच्या नातवानं चर्च सोडलं! पहिल्या पगाराची स्लिप हातात आली आणि साहेबांचे डोळे पांढरे. चर्चचा टॅक्स हो! जेवढा इन्कम टॅक्स, त्याच्या वर आणखी आठ टक्के. आपल्या म्युनिकला आठच, बाकी बहुतेक राज्यांत नऊ. आणि सोडायचं म्हणजे पाद्रीबाबांपुढे रडारड नाही काही. लग्नं नोंदवतात ना, त्याच ऑफिसात जायचं, सही ठोकायची, वर फी भरायची!

आपली ती वसईची नाही का... नोंदणीच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मोठ्या भक्तिभावानं 'कॅथलिक' लिहून बसली. पगारातून कापले गेले तेव्हा केवढी तणतण! पण सोडलं नाही हं. "गावी आईच्या कानावर गेलं तर?" म्हणते.

तर काय सांगत होते... हां, रविवारचं जेवण. आजी म्हणाल्या, "चार पैशांसाठी देव सोडलास?" तो म्हणाला, "नुसत्या पैशांसाठी नाही, ओमा. तो म्युनिकचा रिपोर्ट आला तेव्हाच मन उडालं." 2022चा तो, मुलांवरच्या अत्याचारांचा. पोप बेनेडिक्ट इथले आर्चबिशप होते तेव्हाच्या प्रकरणांत त्यांच्यावरही ठपका आला ना! आणि आजींच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी त्यांचाच फोटो. आजी उठून बटाट्याचं सॅलड वाढायला लागल्या, ज्यांना नको त्यांनासुद्धा. आता त्या वर्षी एकट्या कॅथलिक चर्चमधून पाच लाखांवर माणसं बाहेर पडली, म्हणजे हा काही जगावेगळा नाही. पण आपल्या घरातलं म्हटलं की...

खरी मजा पुढेच. बहिणीला बाळ झालंय, तिनं ह्यालाच गॉडफादर ठरवलेला. पाद्रीबाबा म्हणाले, चर्च सोडलेल्याला नाही होता येत. तिचा चेहरा असा पडला! "बारशापर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" आणि हा गप्प. रिपोर्टवर बोलता येतं हो, बहिणीपुढे काय बोलणार?

मला विचाराल तर पोराचं चुकलं नाही, घाई नडली. आणि हे बघा, आजी भेटल्या तर माझं नाव घेऊ नका हं. गल्लीत कुणाला माहीत नाही असंच वाटतंय त्यांना अजून.