बलून उडाले

श्री. वर्ड प्रोसेसर यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या गुरुवारी बंगळुरूच्या पीण्यातल्या आमच्या वर्कशॉपमधून ४०० बुश जायचे होते. माल पॅक, टेम्पो दारात. राहिला होता इन्स्पेक्शन रिपोर्ट. ड्रॉइंगमधल्या प्रत्येक मापाशेजारी गोल, गोलात नंबर. त्याला आम्ही बलून म्हणतो. खालच्या तक्त्यात त्याच नंबरापुढे मोजलेलं माप. असे २४ बलून मी आपल्याच आकृत्यांमधून घेऊन एकेक जागेवर बसवले. स्क्रीनवर झकास दिसत होते. पोरगा प्रिंट घेऊन आला आणि म्हणाला, "सार, बलून बंदिल्ला." म्हणजे कन्नडमध्ये, बलून आलेच नाहीत.

ड्रॉइंग आलं, तक्ता आला, बलून तेवढे उडाले.

आपल्यावर संशय घेण्याचं पाप मी केलं नाही. कार्ट्रिज काढून हलवलं, केबल बदलली, प्रिंटरला नाही नाही ते बोललो. शेवटी ६ एमएमच्या वॉशरच्या भोकात पेन फिरवून २४ गोल हाताने काढले आणि टेम्पो सोडला.

मग निवांत शोधलं. आपल्या सेटिंगमध्ये एक चौकट आहे म्हणे. तिच्यातली टिक गेली की आपण आपल्याच हत्यारांनी काढलेल्या आकृत्या छापत नाही. ओळीत बसवलेलं चित्र चालतं, वर तरंगणारं गाळता. ड्राफ्ट छपाईची चौकट वेगळी, तीही चित्रांच्याच मुळावर. प्रिव्ह्यू पाहिला असता तर कळलं असतं, कबूल. पण टेम्पोवाला हॉर्न मारत असताना प्रिव्ह्यू बघणारा माणूस मला तरी पीण्यात भेटलेला नाही.

आमचा म्हातारा लेझर प्रिंटर आपल्यापेक्षा सरळ. एकदा फोटोचं पान त्याने अर्ध्यावर सोडलं. ६०० डीपीआयला ए४ पानावर साडेतीन कोटींच्या आसपास ठिपके. नुसते काळे-पांढरे धरले तरी ४ एमबीच्या वर. त्याच्या पोटात जागा २ एमबी. पचलं तेवढं छापलं, खाली कोरं सोडलं. ३०० डीपीआयवर आणला, ठिपके चौथाईवर आले, पान पूर्ण आलं. पण त्याची चूक आंधळ्यालाही दिसली असती. लेथवर २० मायक्रॉन जास्त गेले तरी आम्ही ऑपरेटरला उभं करतो. आपण २४ बलून गिळून चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. केवढी ही स्थितप्रज्ञता!

कळावे,
आपला आज्ञाधारक,
एक जॉबवर्कवाला

ता. क.: शेजारच्या युनिटमधल्याने सुचवलंय, पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर टाकून बघा. पोस्टस्क्रिप्ट म्हणजे ता. क.च की, म्हणून आधी हा टाकला. ड्रायव्हर डाउनलोड होतोय. वॉशर टेबलाच्या खणात ठेवलाय.