उन्हाचे वाटेकरी

आमच्या घरी विजेचं बिल आलं की ते आधी वाचलं जातं, भरायचं नंतर बघतात. वाचन माझे सासरे, अण्णा, करतात, तेही मोठ्याने. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते. लोकांनी घाम गाळून केलेल्या मालावर नापासचा शिक्का मारण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर शिक्का मारायला दुसरं काही मिळत नाही म्हणून ते बिलावर लाल पेनाने खुणा करतात.

खरं दुखणं टप्प्यांचं असतं. २०२४-२५च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि एकशेएकाव्या युनिटापासून १० रुपये २९ पैसे. तिसाव्या दिवशी कोणी उगाच गीझर चालू ठेवला की ते दहावालं युनिट नेमकं कोणाचं, यावर आमच्याकडे उलटतपासणी व्हायची. महिन्याला तीनशे युनिटं जाळणारं आमचं घर. बिल साडेतीन हजारांच्या घरात.

मी एका कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसते, त्यामुळे सोलारचं गणित माझ्याकडे आलं. पुण्याच्या उन्हात एक किलोवॉट मागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरायची. तीन किलोवॉटची बारा, महिन्याची साडेतीनशेच्या आसपास. वाचणार ती आधी दहा रुपयांची युनिटं, मग स्वस्तातली. केंद्र सरकारच्या २०२४च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, एकूण ७८,००० रुपये अनुदान. त्याच्यापुढे तुम्ही गच्चीभर पॅनेलं अंथरली तरी सरकार अठ्ठ्याहत्तरच देणार. खर्च तीन-चार वर्षांत फिटत होता. गणित जमलं, अण्णांनीही त्यावर लाल खूण केली नाही.

गच्ची मात्र जमेना.

सहकारनगरमधल्या आमच्या जुन्या बंगल्याची गच्ची सातबाऱ्यावर कोणाच्याही नावावर असो, मार्च ते मे ती सासूबाईंची असते. कुरडया, सांडगे, उपासाच्या पापड्या, साबुदाण्याच्या चकल्या, शेवटी मिरच्या. दक्षिणेकडचा, दिवसभर ऊन असणारा भाग कुरडयांचा. सोलारवाल्यांनाही नेमका तोच हवा. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे पॅनेलांनी दक्षिणेकडे तोंड करायचं असतं, हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं.

“माझ्या कुरडयासुद्धा विषुववृत्ताच्या उत्तरेलाच आहेत,” त्या म्हणाल्या. “आधी माझं ऊन. मग उरेल त्यात करा तुमची वीज.”

तरी कंपन्यांना बोलवायचं ठरलं. अनुदान हवं तर पुरवठादार नोंदणीकृत लागतो, आणि त्यांची यादी सरकारी पोर्टलवर असते. पुण्याची यादी वाचायला बसलं की सूर्यनमस्कार घातल्याचं पुण्य पदरी पडतं. मित्र, रवी, भानू, आदित्य, भास्कर, सगळी नावं घेऊन होतात. ‘हिरण्यगर्भ’ अजून कोणी घेतलेलं दिसत नाही, बहुधा व्हिजिटिंग कार्डावर मावत नसावं.

पहिला मुलगा आला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी. “सर नाहीयेत का?” त्याने मला विचारलं. सर ऑफिसात होते आणि सरांना आपल्या घराचं मीटर सिंगल फेज आहे की थ्री, हेही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, “माझ्याशीच बोला.” तो माझ्याशी बोलला, पण बघत अण्णांकडे राहिला. मग गच्चीवर गेला. तिथे जुन्या धोतरांवर कुरडया वाळत होत्या. हातात टेप घेऊन, एक पाय कुरडयांच्या अलीकडे आणि एक पलीकडे अशा अवस्थेत त्याने मोजमाप घेतलं. सासूबाई जिन्याच्या दारात काठी घेऊन उभ्या. काठी कावळ्यांसाठी होती, पण त्याला ते माहीत नव्हतं.

आमच्या दक्षिणेला नानांचा बंगला आहे आणि दोन्ही बंगल्यांच्या मधोमध, नानांच्या हद्दीत, एक सिल्व्हर ओक. उंच, सरळसोट आणि नानांसारखाच कोणाचं न ऐकणारा. मुलाने झाडाकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं, साडेबारा वाजले होते. “शॅडो अजिबात नाहीये सर. एकदम क्लीन साइट.”

अण्णांचा चेहरा खुलला. खडकीत एखादा नग नापास करताना तो असाच खुलत असणार.

“आज तारीख काय?”

“तेरा मे.”

“आज पुण्यात कोणाचीच सावली पडत नाही. तुझीपण नाही. खाली बघ.”

मुलाने खाली पाहिलं. सावली खरोखरच बुटांखाली गेली होती. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला, तेरा-चौदा तारखेला, आणि एकदा जुलैअखेर. जुलैमधला आपण ढगांमुळे बघत नाही. मेमधल्या शून्य सावलीच्या दिवशी मात्र गावातली हौशी मंडळी रस्त्यावर बाटल्या उभ्या करून फोटो काढतात. अण्णा ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे जुने सभासद. ही संस्था पुण्यात १९४४ साली निघाली आणि अण्णांच्या मते तेव्हापासून उरलेलं पुणं अज्ञानात आहे. त्यांनी त्या मुलाला डिसेंबरचा सूर्य समजावला. भर दुपारीसुद्धा तो जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे झाडाच्या उंचीइतकी सावली उत्तरेकडे पडणार, आणि दुपार कलली की दुप्पट. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली आली की बाकीचीही ढेपाळतात. तो मुलगा नम्रपणे “हो सर, हो सर” म्हणत होता आणि कुरडया ओलांडत मागे सरकत होता.

त्या कंपनीचं कोटेशन मात्र आलं. १,६५,०००. त्यात ‘शॅडो अ‍ॅनालिसिस : पूर्ण’ असं लिहिलेलं होतं.

दुसरं १,९५,०००चं. तिसरं २,४०,०००चं, जाड कागदावर, वर समुद्रकिनारा आणि हसणारं कुटुंब. सहकारनगरात समुद्र येईपर्यंत वॉरंटी संपलेली असेल, असं अण्णा म्हणाले. मी तिन्ही कोटेशनं रकान्यांत मांडली आणि लक्षात आलं की पॅनेलात फारसा फरक नाहीच. पाचशेचाळीस वॉटची सहा पॅनेलं, तिघांचीही. सगळा फरक इतर गोष्टींत दडलेला. स्वस्तवाल्याने भारतीय सेल असलेली पॅनेलं धरलीच नव्हती, आणि अनुदान तर त्यांनाच मिळतं. म्हणजे तीस हजार वाचवून अठ्ठ्याहत्तर घालवायचे. लोखंडी सांगाडा एकाचा गॅल्व्हनाइज्ड, एकाचा नुसता रंगवलेला. अर्थिंगचे तीन खड्डे एकाने धरलेले, दुसऱ्याने ‘ग्राहकाकडे’. मजकुरात जिथे जिथे ‘ग्राहकाकडे’ असं आलं तिथे मी हायलाइटर फिरवला, तर कागद पिवळा झाला. शिवाय तिघेही सांगत होते, “अनुदान वजा जाता किती पडतं बघा मॅडम.” अनुदान वजा कशातून जाणार? पैसे आधी आपण सगळे भरायचे, यंत्रणा सुरू झाली की सरकार आपल्या खात्यात जमा करतं.

एवढ्यात पाऊस लागला, मग श्रावण, मग गणपती. पुण्यात गणपतीत कोणी मोठे निर्णय घेत नाही. तोवर २२ सप्टेंबर २०२५पासून सोलारच्या सामानावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. सत्तर टक्के सामान आणि तीस टक्के सेवा असा हिशेब धरतात, त्यामुळे एकूण कर १३.८ टक्क्यांवरून ८.९वर. आमचे आठेक हजार वाचले. तेव्हापासून अण्णा निर्णय न घेण्याला दूरदृष्टी म्हणतात. जाड कागदवाल्याला मी फोन करून सुधारित कोटेशन मागितलं, तर करातली घट त्याने ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ या नव्या ओळीत सामावून घेतली होती.

आम्ही शेवटी ज्याला काम दिलं तो मधल्या किमतीचा होता, म्हणून नव्हे. तो आला, गच्चीवर गेला, ओककडे बघून म्हणाला, “हे दक्षिणेला आहे, हिवाळ्यात त्रास देणार. पॅनेलं पूर्वेकडे सरकवू. तरी दुपारी तीननंतर एक-दीड युनिट जाईल, ते मी आत्ताच सांगतो.” विकायला आलेला माणूस तोटा आधी सांगतो हे अण्णांनी प्रथमच पाहिलं. ते गप्प झाले. मग त्याने कुरडयांची चौकशी केली. सासूबाईंना विचारलं, “काकू, तुम्हाला कुठली बाजू सोडू?”

पंचवीस वर्षांची वॉरंटी सगळेच देतात. आमच्या अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. “पंचवीस वर्षांनी ऐंशी टक्के वीज मिळेल,” असं एकजण म्हणाला तेव्हा ते म्हणाले होते, “मला आत्ताच साठ टक्के मिळते.” पॅनेलं टिकतातच हो. इन्व्हर्टर दिवा लावत नाही, कबुतरांनी खाली घरटं केलं, अशा वेळी चौथ्या वर्षी फोन उचलून शिडी घेऊन कोण येणार, हा प्रश्न. योजनेनुसार पुरवठादाराने पाच वर्षं देखभाल करायची असते, पण पाच वर्षं पुरवठादार असायला हवा. म्हणून मी त्याला म्हटलं, तुमचं जुनं काम दाखवा. उद्घाटनाचे फोटो नकोत, चार वर्षांपूर्वीचं घर हवं.

तो आम्हाला बिबवेवाडीला घेऊन गेला. दार एका आजींनी उघडलं, अर्धवट.

“काम कसं आहे यांचं?” अण्णांनी विचारलं.

आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “त्रास नाही,” म्हणाल्या आणि दार लावलं. पुण्यात याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही. आगाऊ रक्कम त्याच संध्याकाळी दिली.

दिवाळीनंतर काम झालं. दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जांना आता तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही. २०२४च्या नियमांनी ते अर्ज मंजूर झाले असंच धरतात. महावितरणचं नेट मीटर बसलं. दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री आत येते, मीटर दोन्हींची नोंद ठेवतं आणि हिशेब मार्चअखेर होतो. अण्णांना कोणीतरी त्यांच्याइतकं काटेकोर भेटलं.

मोबाइलवर अ‍ॅप आलं आणि घराची दिनचर्या बदलली. मिक्सर, वॉशिंग मशीन, इस्त्री, सगळं अकरा ते तीनमध्ये. सासूबाईंनी पॅनेलांशी जुळवून घेतलंय, इतकं की ढग आले तर आधी मोबाइल बघतात आणि मग दोरीवरचे कपडे काढतात. अण्णांच्या तळजाईच्या टेकडीवरच्या मित्रांत पूर्वी सकाळी “काल शुगर किती?” असं विचारायचे. आता “काल जनरेशन किती?” विचारतात. शुगर कमी आणि जनरेशन जास्त हवं, एवढाच फरक, आणि दोन्हींत खोटं बोलतात.

एका गुरुवारी दुपारी लाइट गेली. सोलारही बंद. गच्चीवर लख्ख ऊन आणि खाली पंखा थांबलेला. नाना कुंपणापाशी आले.

“तुमच्याकडे सोलार ना? मग?”

अण्णांनी समजावलं की लाइन बंद असताना आपली वीज तारांत गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसेल, म्हणून यंत्रणा स्वतःहून बंद होते. बॅटरी लावली तर चालेल, पण तिचा खर्च वेगळा. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे लाइट असली की तुमच्याकडे लाइट असते,” ते म्हणाले. “आमच्याकडेपण तसंच आहे. फुकटात.”

अण्णा जेवले नाहीत नीट.

डिसेंबर आला तशी ओकची सावली ठरल्याप्रमाणे दुपारी तीनला शेवटच्या पॅनेलवर चढली. अण्णांनी नानांकडे फांद्या छाटण्याचा विषय काढला. नानांनी आतून कागद आणला. १९७५चा महाराष्ट्राचा वृक्षसंवर्धनाचा कायदा, महापालिकेची परवानगी, सगळं त्यांना पाठ. “झाड म्हणजे जीव आहे हो,” ते म्हणाले. यापूर्वी त्यांना ओकबद्दल एवढं प्रेम आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्याची पानं आमच्या अंगणात पडतात म्हणून ते त्याला ‘तुमचं झाड’ म्हणायचे.

मग जानेवारीत नानांच्या गच्चीवर आमचाच पुरवठादार टेप घेऊन दिसला. अण्णांनी त्याला खाली गाठलं.

“तिथे सावली येईल ना ओकची?”

“नाही काका,” तो म्हणाला, “झाड त्यांच्या उत्तरेला आहे. त्यांची गच्ची या गल्लीतली सगळ्यात चांगली.”

आता टेकडीवर नानाही येतात. परवा आमचं ११.२ झालं, नानांचं १२.९. अण्णा म्हणाले, त्यांचं अ‍ॅप तपासून घेतलं पाहिजे.