वर बघा, खाली पोतं आहे

सातारा असो की सांगली, नव्या फ्लॅटची वास्तुशांत म्हणजे पाहुण्यांनी मान वर करून घर बघायचा समारंभ. चप्पल काढून आत पाऊल टाकलं की यजमान बटण दाबतात. छताच्या कडेनं आधी पांढरा, मग निळा, मग गुलाबी उजेड पळतो. पाहुणे 'लय भारी' म्हणतात. मामा हळूच विचारतात, ''किती बसले?'' यजमान आकडा सांगतात. बायकोजवळ सांगितलेल्या आकड्यापेक्षा तो थोडा मोठा असतो, आणि साडू शेजारी उभे असतील तर आणखी मोठा.

एवढ्या सगळ्यात दाराआड काय आहे, हे कुणी बघत नाही. तिथं गावाकडून आलेली शाळूची दोन पोती असतात. शेजारी भुईमुगाच्या शेंगांची गोणी, त्यावर तांदळाची पिशवी, त्यावर नीट घडी घातलेली चादर, म्हणजे पाहुण्यांना ते दिवाण वाटावं. कोरेगावचा पाहुणा असेल तर घेवडा, तासगावचा असेल तर बेदाणा. जिल्ह्यातला बहुतेक फ्लॅट हा कुठल्या ना कुठल्या वाड्यावस्तीचं कोठार असतो. पण सजावटीच्या यादीत पोत्याला जागा कुणी धरलेली नसते. छताला धरलेली असते.

आता जागेचा हिशेब. 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात रेरा लागू झाला आणि बिल्डरला चटई क्षेत्र सांगूनच फ्लॅट विकणं भाग पडलं. त्याआधी जिना, लिफ्ट, गच्चीचा तुकडा, सगळं धरून 'सहाशे फूट' म्हणायचे आणि घरात पंगत मांडली की शेवटचा पाहुणा जिन्यात बसायचा. कायद्यानं आकडा सुधारला, चित्र नाही. माहितीपत्रकातल्या नकाशात सोफा अजूनही बाहुलीच्या मापाचाच काढतात. त्या चित्रावर भरवसा ठेवून लोक दुकानातून एल आकाराचा सोफा उचलतात. तो लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात अडतो, शेवटी दोरखंडानं गॅलरीतून वर येतो आणि मग आयुष्यभर गॅलरीचं दार अर्धंच उघडतं.

यावरचा उपाय साठ-सत्तर रुपयांचा आहे. मोजपट्टी. तिच्याबरोबर जुनी वर्तमानपत्रं. सोफ्याच्या मापाचे कागद जमिनीवर पसरायचे आणि दोन दिवस त्यांना ओलांडून चालायचं. घरातली आजी तिसऱ्यांदा अडखळली की सोफा रद्द.

पीओपीवाल्यांशी माझं वैर नाही. पण राहत्या खोलीची उंची निदान पावणेतीन मीटर असावी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. म्हणजे साधारण नऊ फूट. आपले बिल्डर त्यापेक्षा फार उदार नसतात. त्या नऊ-साडेनऊ फुटांतून आपण स्वखर्चानं सहा इंच कापून देतो. मग पंख्याची दांडी छोटी करावी लागते, पंखा छताला चिकटतो आणि वारा वरच्या वरच फिरतो. सांगलीत एप्रिलात चाळिशीला टेकलेला पारा, खाली घामेघूम कुटुंब आणि वर गुलाबी उजेड. या छतासाठी मोजलेल्या पैशांत दोन चांगल्या खिडक्यांच्या जाळ्या, एक उभा दिवा आणि भिंतींना बरा रंग झाला असता. लहान खोलीला दिवा लागतो तो बसल्यावर डोळ्यांच्या उंचीवर, कोपऱ्यात, पिवळसर उजेडाचा. असे दोन दिवे दोन कोपऱ्यांत ठेवले की खोली खोल दिसते. छतातल्या सोळा दिव्यांखाली बसलं की आपण दाताच्या डॉक्टरकडे आलोय असं वाटतं.

साताऱ्याची गंमत आणखी वेगळी. शाहूपुरीत, गोडोलीत, करंज्यात फ्लॅट घेताना 'गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो' म्हणून बिल्डर जादा पैसे लावतो आणि आपण ते देतोही. राहायला आलो की पहिल्याच महिन्यात त्या गॅलरीला लोखंडी जाळी, जाळीला हिरवं कापड, कापडाआड वॉशिंग मशीन. किल्ला गेला. मग हॉलची भिंत मोकळी वाटते म्हणून तिथं वॉलपेपर लागतो. त्यावर काय असतं? धबधबा. ठोसेघर इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे! पावसाळ्यात दर रविवारी तिथं गाड्यांच्या रांगा लावणारी माणसं घरी येऊन कागदाच्या धबधब्यासमोर चहा पितात. तो कागदही दोन पावसाळ्यांत ओलीनं कडेला सुटतो, कारण पश्चिमेच्या भिंतीला साताऱ्याचा पाऊस आडवा लागतो. ज्या भिंतीला ओल येते तिला आधी बाहेरून दुरुस्त करायचं असतं, आतून सजवायचं नसतं. सोसायटीच्या सभेत हे मांडलं की सगळे वर्गणी ऐकून उठतात.

पडद्यांचं तर बोलूच नये. विटा, माधवनगर, इचलकरंजी ही मागाच्या खडखडाटात वाढलेली गावं. सांगलीहून तासा-दीड तासात यातल्या कुठल्याही ठिकाणी जाता येतं. कोरं सुती कापड मीटरवर घ्यावं, धुऊन आटवून घ्यावं, गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घ्यावं, आणि खिडकीपुरतं न लावता छतापासून जमिनीपर्यंत सोडावं, की खोली उंच वाटते. इतकी सोपी गोष्ट. पण आपण मोबाइलवरून चकचकीत पॉलिस्टर मागवतो आणि त्यावर आयफेल टॉवर असतो. खिडकीबाहेर खरा किल्ला, आत छापील मनोरा.

सांगलीकरांना मात्र सजावटीचा एक धडा कृष्णेनं स्वतः शिकवला आहे. एकदा नव्हे, 2005, 2019 आणि 2021 असा तीनदा. आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत चढलं. ते ओसरल्यावर गावभागात, मारुती चौकात, शामरावनगरात रस्त्याकडेला जे ढीग पडले होते ते आठवा. गाद्या, आणि त्यांच्या बरोबरीनं फुगलेली कपाटं. भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं, वरून लाकडाचा कागद चिकटवलेलं ते फर्निचर पाण्यात दोन दिवस राहिलं की पापडासारखं उलतं. जुन्या वाड्यातली सागवानी पेटी पुसून, वाळवून पुन्हा आत गेली. लोखंडी कॉट खरवडून, रंगवून पुन्हा मांडली गेली.

तरीही पुढच्या वर्षी त्याच तळमजल्यांवर नवी टीव्ही युनिटं बसली. तशीच, जमिनीपासून. फक्त रंग बदलला, अक्रोडीचा राखाडी झाला.

सुतार सांगेल, 'साहेब, वॉटरप्रूफ प्लाय आहे.' त्याला म्हणावं, शिक्का दाखव. 'एमआर' लिहिलं असेल तर ते दमट हवा सोसतं, पाणी नाही. 'बीडब्ल्यूपी' आणि आयएस 710 असेल तर ते पाण्याला टिकायचं. शिक्का सनमायका चिकटवायच्या आधी बघायचा असतो, नंतर नुसता विश्वास उरतो. आणि पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर प्लगचे बोर्ड कमरेच्या वर घ्या. दिसायला वाईट दिसतं, मान्य. बुडालेला फ्रिजही चांगला दिसत नाही.

लोखंडी सामानावरून आठवलं. आज 'इंडस्ट्रियल लुक' म्हणून काळं लोखंड आणि फळ्या असलेलं टेबल पुण्यातून हप्त्यावर आणतात. आपल्याच सांगली जिल्ह्यात, पलूसजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला. जागा दिली औंधच्या पंतप्रतिनिधींनी. तिथून नांगर निघाले, चरक निघाले, पंप निघाले, आणि लोखंडी फर्निचरही निघालं. आमच्या भागातल्या जुन्या घरांत तसली लोखंडी खुर्ची किंवा खाट अजून एखाद्या खोलीत कुरकुरत उभी असते. त्याच किर्लोस्करवाडीतून 1930 मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झालं. माळरानावर एकीकडे घरात ठेवायचं सामान घडत होतं, दुसरीकडे घरातल्या बाईनं वाचायचा अंक छापला जात होता. नव्वद वर्षांनी त्याच जिल्ह्यातला माणूस लोखंडी स्टूल दाखवून सांगतो, ''कन्सेप्ट इटलीचा आहे.''

औंध संस्थानाच्याच पाठबळावर कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना उभा राहिला आणि 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. वीज आली तसा तो माळ्यावर गेला, माळ्यावरून भंगारवाल्याकडे गेला, आणि आता 'व्हिंटेज' होऊन, आत एलईडी घालून, आपल्याच मुलाच्या फ्लॅटमध्ये हजाराच्या पुढच्या भावानं परत आला. भंगारवाल्यानं किलोवर नेला होता. आईनं तेव्हा वर एक चमचा मागून घेतला होता.

वाकळीचंही तेच. साड्यांच्या पदरांनी शिवलेली वाकळ पाहुणे आले की आपण दिवाणाखाली ढकलतो. तीच पुण्याच्या प्रदर्शनात 'हँडमेड क्विल्ट' म्हणून भिंतीवर टांगलेली दिसली की तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतो. माणदेशी घोंगडी बघा: काळी, करडी, कडेला पांढरी रेघ. छोट्या हॉलच्या फरशीवर किंवा एका भिंतीवर ती एकटी असली तरी खोलीला वजन येतं. तिनं खोलीत घुमणारा आवाजही थोडा दबतो. एक मोठी गोष्ट ठेवावी. अठरा छोट्या ठेवल्या की ते भेटवस्तूंचं दुकान होतं, आणि पुसणारीचा जीव जातो. लग्नात आलेले राधाकृष्ण, निवृत्तीला मिळालेलं काचेतलं सन्मानचिन्ह, पोराचे धावण्याचे चषक, तिरुपतीहून आणलेली फ्रेम. साताऱ्यात तर निम्मी इमारत पेन्शनरांची, त्यामुळे सन्मानचिन्हांचा सुकाळ. घड्याळ बसवलेलं सन्मानचिन्ह असेल तर त्यातलं घड्याळ केव्हाच बंद पडलेलं असतं, पण टाकवत नाही, कारण त्यावर आपलं नाव आहे.

आणि शेवटी पोत्याकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथंच आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद ठेवायला जमिनीत पेवं खणलेली होती. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरानं त्यातली बरीचशी निकामी केली. आजचा हायड्रॉलिक बेड म्हणजे फ्लॅटमधलं पेवच. गादी उचलली की खाली रजया, बाळंतविडा, जुनी पातेली आणि कोणाचं तरी हार्मोनियम. फरक एवढाच की पेवातला माल कधीतरी बाजारात जायचा, बेडखालचा जात नाही.

घराची सजावट करायला माणूस बोलावला की तो पहिल्यांदा विचारतो, ''थीम काय ठेवायची?'' त्याला सांगावं, थीम शाळू. दोन पोती, एक गोणी, लोणच्याच्या तीन बरण्या, दिवाळीचा कंदील, गौरीचे मुखवटे आणि मखर. हे सगळं कुठं जाईल ते आधी काढ, मग रंगाची पुस्तिका उघड. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली एक खण दारं न लावता उघडा ठेवला, तर झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत एक पोतं सहज बसतं. कोठी बाजारात मिळते, तिला फर्निचर म्हणत नाहीत म्हणून स्वस्त मिळते. ती गॅलरीत ठेवू नका, पावसाची सरळ झड येते. खिडकीखाली बसायचा कट्टा करायचा तर तो पोकळ करा, झाकण उचलतं ठेवा आणि बाजूला हवेसाठी भोकं ठेवा, नाहीतर जूनपर्यंत शाळूला टोके लागतील आणि जुलैत ते हॉलमध्ये फिरायला येतील. पाहुण्यांना इंटिरियर दाखवताना सोफ्यावर टोका चालत जाणं बरं दिसत नाही.

याहूनही स्वस्त उपाय एक आहे, त्याला सुतार लागत नाही. शाळूची मळणी झाली की गावाला भावाला फोन लावा आणि म्हणा, यंदा दोन्ही पोती एकदम पाठवू नकोस, एक आत्ता आणि एक दिवाळीला दे. भाऊ रागावेल, वहिनीला काहीतरी बोलेल, पण ऐकेल. दाराआडची चार फूट जागा मोकळी होईल आणि दार भिंतीपर्यंत उघडेल.